श्रिंक प्लास्टिकच्या कवट्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कवटीची कानातली घालून लग्नाला गेलं की दोन गोष्टी होतात. मावशी म्हणते, "हे काय अभद्र घातलंयस गं?" आणि तिचीच मुलगी मला बाजूला घेऊन विचारते, "ताई, कुठून घेतलीस?" श्रिंक प्लास्टिकपासून घरी केली, असं सांगितलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. ओव्हन किती अंशावर, रंग कुठले, भोक आधी पाडायचं की नंतर. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा द्यावी लागतात, म्हणून ती इथे एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

श्रिंक प्लास्टिक म्हणजे काय? ते आकसतं कसं?

हे पॉलिस्टायरीन नावाचं साधं प्लास्टिक असतं. कारखान्यात त्याचा पत्रा गरम असताना लांबीत आणि रुंदीत ताणतात आणि ताणलेल्या अवस्थेतच थंड करतात. आतल्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या तशाच ताठ अडकून पडतात. पॉलिस्टायरीन साधारण १०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की मऊ होतं, साखळ्या मोकळ्या होतात आणि पुन्हा आपल्या गुंतवळ्यात जातात. आपल्याला दिसतं ते एवढंच की चित्र लहान होतंय.

प्लास्टिक कुठे जात नाही, वजन तेवढंच राहतं. लांबी-रुंदी मूळच्या ४० ते ५० टक्के उरते आणि त्या बदल्यात जाडी वाढते. पाव मिलिमीटरचा पातळ कागदासारखा तुकडा ४० टक्क्यांवर आला तर दीड मिलिमीटर जाड होतो. हातात घेतला की कडक, टणटणीत वाटतो.

ही कल्पना कुणाची?

खेळणं म्हणून हे बाजारात आलं ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातून, १९७३ साली. बेटी मॉरिस आणि केट ब्लूमबर्ग या दोन मैत्रिणींनी मुलांच्या स्काउट गटासाठी एक हस्तकलेचा उद्योग शोधला आणि त्यातून 'श्रिंकी डिंक्स' उभं राहिलं. जपानमध्ये याच प्रकाराला 'पुराबान' म्हणतात आणि तिथे मोठी माणसंही त्याचे दागिने करतात.

मला आवडणारा किस्सा वेगळाच आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मर्सेड आवारात मिशेल खाइन नावाच्या संशोधक नव्याने रुजू झाल्या. द्रवाचे अगदी सूक्ष्म थेंब खेळवणाऱ्या चिप बनवायच्या होत्या, पण त्यासाठी लागणारी महागडी साधनं हाताशी नव्हती. त्यांना लहानपणचं हे खेळणं आठवलं. शीटवर रेषा छापल्या, छोट्या ओव्हनमध्ये आकसवल्या. शाई एकवटून रेषा उंच उठल्या आणि त्यांचेच साचे झाले. म्हणजे घरच्या ओव्हनसमोर वाकून बसण्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

पण कवटीच का? फुलं, पानं, मांजरं का नाहीत?

करा की. मीही आधी मांजरंच केली. एका मैत्रिणीच्या बोक्याचं चित्र ओव्हनमधून असं बाहेर आलं की एक कान गालावर सरकलेला. तिने काही बोलून दाखवलं नाही, पण किल्ल्यांना लावायचं ते की-चेन मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

श्रिंक शीट कधीच हुबेहूब आकसत नाही. थोडी तिरकी होते, एक बाजू जास्त दबते. ओळखीचा चेहरा असेल तर ही चूक लगेच डोळ्यात खुपते. कवटीचं तसं नाही. एक खोबण मोठी झाली तर ती खट्याळ दिसते, जबडा तिरका गेला तर हसल्यासारखी दिसते. शिवाय कवटी दोनच रंगांत उभी राहते, पांढरा आणि काळा. नवशिक्याने पहिल्या शीटवर कवट्याच काढाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे.

कानातलं २ सेंटिमीटरचं हवं असेल तर चित्र केवढं काढू?

शीट ४० टक्क्यांवर येत असेल तर ५ सेंटिमीटर. ४५ टक्क्यांवर येत असेल तर साडेचार सेंटिमीटरच्या जरा आत. पण तुमची शीट किती आकसते ते पाकिटावरून ठरवू नका, चाचणी घ्या.

शीटच्या लांबीच्या दिशेने एक आणि रुंदीच्या दिशेने एक, अशा १० सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद दोन पट्ट्या कापा. परमनंट मार्करने प्रत्येक सेंटिमीटरवर खूण करा आणि पट्टीवर 'उभी' किंवा 'आडवी' लिहून ठेवा. दोन्ही भाजा आणि मोजा. बहुतेक वेळा दोघींत थोडा फरक निघतो, कारण कारखान्यात दोन्ही दिशांना ताण अगदी सारखा बसलेला नसतो. म्हणूनच गोल काढलेली कवटी लंबगोल होते.

यातून कानातल्यांचा एक नियम निघतो, जो मी दोन जोड्या वाया घालवून शिकले. जोडीतले दोन्ही तुकडे शीटवर एकाच दिशेने काढा. जागा वाचवायला एक उभा आणि एक आडवा काढला, तर एक कवटी लांबोडकी आणि दुसरी बुटकी होते. मग त्या जुळ्या बहिणी वाटत नाहीत, आत्या-भाची वाटतात.

वजन किती होतं? कान ओढतात का?

नाही. ५ बाय ५ सेंटिमीटरचा, पाव मिलिमीटर जाडीचा तुकडा एक ग्रॅमही भरत नाही. हूक आणि रिंगा धरूनही हलकंच.

कवटी काढायची कशी? माझी नेहमी बटाट्यासारखी दिसते.

बटाटा वाईट नाही, सुरुवात तिथूनच होते. चूक पुढे होते, डोळे फार वर काढले जातात. जबड्यासकट पूर्ण कवटी घेतली तर डोळ्यांच्या खोबणी साधारण मधोमध येतात. वरचा अर्धा भाग नुसता डोक्याचा घुमट असतो. आपल्याला चेहरा पाहायची सवय असते, घुमट केसांखाली लपलेला असतो, म्हणून हात आपोआप डोळे वर ढकलतो.

दुसरी गोष्ट, खोबणी गोल नसतात. जरा चौकोनी, बाहेरच्या बाजूला खाली झुकलेल्या, वैमानिकाच्या गॉगलच्या काचांसारख्या असतात. पूर्ण गोल काढल्या की कवटी घाबरलेली दिसते. वरची कड आत खाली दाबली की रागावलेली दिसते. कवटीला भुवया नसतात, तिचा सगळा स्वभाव या एका कडेत असतो. नाकाचं भोक उलट्या पिंपळपानासारखं काढा, टोक वर. गालफडांचं हाड बाहेर काढा आणि त्याखाली आकार आत घ्या, म्हणजे बटाटा संपून कवटी सुरू होते.

दातांचा मोह आवरा. माणसाला ३२ दात असतात हे खरं, पण २ सेंटिमीटरच्या कवटीत पाच-सहा उभ्या रेषा पुरतात. हिशेब करून बघा. अर्धा मिलिमीटरची रेष आकसून ०.२ मिलिमीटरची होते आणि शेजारच्या रेषेत मिसळून काळा डाग उरतो. मी एक मिलिमीटरपेक्षा बारीक रेष काढतच नाही. डोळ्याच्या हाडाला गेलेली भेग, कवटीवरचे नागमोडी सांधे, असले बारकावे किमान ८ सेंटिमीटरच्या चित्रासाठी राखून ठेवा.

डोळ्यांच्या खोबणी कापून आरपार केल्या तर?

फार छान दिसतात, विशेषतः कानामागून उजेड आला की. फक्त आतले कोपरे गोल ठेवा. टोकदार कोपऱ्यातून चीर जाते, कधी कापतानाच, कधी महिन्याभराने. दोन खोबणींमधली पट्टी निदान ६ मिलिमीटर तरी रुंद असू द्या. दात मात्र कापून वेगळे करू नका. ओव्हनमध्ये ते वळून एकमेकांना चिकटतात.

बाहेरची टोकंही कापतानाच गोल करा. कापताना मऊ वाटणारं टोक आकसल्यावर जाड होतं आणि मानेला टोचतं.

भोक आधी की नंतर?

आधी. ऑफिसात फाइलला भोक पाडायचं साधं पंच मशीन ६ मिलिमीटरच्या आसपासचं भोक पाडतं, ते आकसून अडीच मिलिमीटरचं होतं. जंप रिंगला, म्हणजे हूक अडकवायच्या छोट्या कडीला, एवढं बरोबर लागतं. कडेपासून ४-५ मिलिमीटर आत पाडा. विसरलात तर नंतर बारीक हँड ड्रिलने पाडता येतं, पण पॉलिस्टायरीन ठिसूळ असतं, दाब दिला की तडकतं.

रंग कोणते?

खरखरीत बाजूवर साध्या रंगीत पेन्सिली. शीट दोन्हीकडून गुळगुळीत असेल तर ३२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने आधी उभा आणि मग आडवा फिरवा, म्हणजे पेन्सिल धरते. बाह्यरेषेला काळा परमनंट मार्कर. तेलकट खडू आणि मेणाचे खडू नकोत, ते वितळून पसरतात. ॲक्रिलिक रंगाचा जाड थर आकसताना सुरकुततो, तो भाजून झाल्यावर लावावा.

रंग लावताना हात आखडता घ्या. तेवढाच रंग सहापट लहान जागेत गोळा होणार असतो. फिकट गुलाबी भाजल्यावर राणी कलर होतो, आकाशी थेट निळा. कवटीच्या हाडाला जुनाट छटा हवी असेल तर पिवळसर तपकिरी पेन्सिल जेमतेम दिसेल एवढीच कडेने फिरवा. चित्र शीटवर असताना 'अरे, फारच फिकं झालं' असं वाटलं पाहिजे. तसं वाटलं तर बरोबर आहे.

पारदर्शक शीटच्या मागच्या बाजूला रंगवून गुळगुळीत बाजू पुढे ठेवली तर काचेखालच्यासारखी चकाकी येते. त्यात अक्षरं असतील तर उलटी लिहायला विसरू नका.

प्रिंटरवर छापता येईल का?

इंकजेटसाठी खास शीट मिळतात, त्यांवर येईल. चित्र आधी फिकं करून घ्या. साध्या शीटवर इंकजेटची शाई वाळतच नाही. लेझर प्रिंटर नको. त्याच्या आतला तापलेला रोलर शीट तिथेच आकसवतो आणि प्रिंटर उघडून बसावं लागतं. वर सांगितलेल्या खाइनबाईंनी लेझर प्रिंटरच वापरला होता, पण घरच्या प्रिंटरवर तो धोका घेऊ नका.

ओव्हनचं तापमान आणि वेळ?

ओटीजी १६० ते १७५ अंशांवर, पूर्ण तापलेला. वेळ एक ते तीन मिनिटं. घड्याळाकडे नाही, काचेतून तुकड्याकडे बघा. पहिल्यांदा तो वेड्यासारखा वळतो, उठतो, गुंडाळी होते. इथे बहुतेक लोक घाबरून दार उघडतात. उघडू नका, थंड हवा लागली की तो त्याच अवस्थेत अडकतो. थांबलात तर हळूहळू उलगडून सपाट बसतो. सपाट झाल्यावर आणखी दहा-पंधरा सेकंद ठेवून बाहेर काढा. लगेच बेकिंग पेपर पांघरून वर एखादी गुळगुळीत टाइल किंवा जाड पुस्तक दाबा. मऊपणा काही सेकंदच टिकतो.

ट्रेवर सिलिकॉनचा थर असलेला बेकिंग पेपर घाला. वाण्याकडे बटर पेपर म्हणून मिळतो तो कधी चालतो, कधी चिकटतो.

ओव्हनच नाही. तवा चालेल? मायक्रोवेव्ह?

मायक्रोवेव्हमध्ये काहीच होत नाही, पॉलिस्टायरीन त्या लहरी शोषत नाही. हीट गन (खूप गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र) चालते, फक्त तुकडा चिमट्याने किंवा लाकडी काडीने दाबून धरा, नाहीतर उडून जातो. केस वाळवायच्या ड्रायरला एवढी धग नसते.

तव्यावर खालून भाजतं, वरून नाही, त्यामुळे कवटी वाटीसारखी होते. त्यापेक्षा केक करतो तशी कढई बरी. तळाला मीठ, त्यावर जाळी, जाळीवर बेकिंग पेपर, झाकण, दहा मिनिटं तापवून मग तुकडा आत. मी पहिलं वर्ष असंच काढलं. काचेचं झाकण असेल तर बघता येतं. स्टीलचं असेल तर अंदाजपंचे.

वळताना जबडा कपाळाला चिकटला. फेकून देऊ?

नाही. गरम असतानाच जाड हातमोजे घालून दोन टोकं अलगद ओढा, मग पुन्हा ओव्हनमध्ये टाका. निम्मे तरी वाचतात. पुढच्या वेळी लांबट आकारावर दुसरा बेकिंग पेपर पांघरा, म्हणजे फार उठत नाही.

सपाट नको, फुगीर कवटी हवी आहे.

ओव्हनमधून काढल्या क्षणी मोजमापाच्या गोल चमच्यात घाला आणि दुसऱ्या चमच्याच्या पाठीने दाबा. मंगळसूत्राच्या वाटीसारखा घुमट येतो. मनासारखा नाही आला तर पुन्हा तापवा, तो सपाट होतो, परत दाबा. कड्यासाठी लाटण्यावर वाकवता येतं. अंगठीच्या भानगडीत पडू नका, ठिसूळ असल्याने रोजच्या वापरात टिकत नाही.

केकच्या डब्याच्या झाकणापासून करता येईल?

झाकणावरच्या पुनर्वापराच्या त्रिकोणी खुणेत ६ हा आकडा असेल तर ते पॉलिस्टायरीन आहे, प्रयोग करा. १ असेल तर ते वेगळं प्लास्टिक आहे, नुसतंच वेडंवाकडं होतं. ६ नंबर शोधणं आता कठीण झालंय. महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बऱ्याच वस्तूंवर बंदी आहे. डब्याचं झाकण सगळीकडून सारखं ताणलेलं नसतं, म्हणून जोडीच्या कानातल्यांना ते निरुपयोगी.

वास येतो. विषारी आहे का?

योग्य तापमानात अगदी थोडा वास येतो. उग्र वास किंवा धूर आला तर तापमान फार वाढलंय, ओव्हन बंद करा, खोलीबाहेर जा. जास्त तापलेल्या पॉलिस्टायरीनमधून स्टायरीनची वाफ निघते आणि ती छातीत घ्यायची वस्तू नाही. खिडकी उघडी ठेवा, ट्रे वेगळा ठेवा. त्याच वेळी आत नानकटाई नको. मुलांनी रंगवावं, कापावं. ओव्हन मोठ्यांनी हाताळावा.

मेक्सिकोच्या फुलाफुलांच्या कवट्या काढल्या तर चालतं का?

चालतं, पण आपण काय काढतोय ते माहीत असावं. त्या हॅलोविनच्या नव्हेत. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला गेलेल्या माणसांचा दिवस पाळतात. घरात वेदी मांडतात, त्यावर मृत माणसाच्या आवडीचं खाणं-पिणं ठेवतात, झेंडूच्या पाकळ्यांनी वाट आखतात. सर्वपित्रीला पान वाढणाऱ्या घरात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. झेंडू तर मुळात मेक्सिकोचाच, आपल्या दसऱ्याच्या तोरणात तो नंतर आला. त्याच दिवसांत साखरेच्या कवट्या विकतात आणि कपाळावर कुणा जिवंत मित्राचंच नाव घालून त्याला भेट देतात. भीती घालवायचा हा प्रकार मला भारी आवडतो.

या कवट्यांमधली मोठी टोपी घातलेली बाई म्हणजे 'कॅटरिना'. ती खोदली होसे ग्वादालुपे पोसादा या चित्रकाराने, आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत. युरोपी फॅशन करून आपलं देशी मूळ लपवणाऱ्यांची ती टिंगल होती, म्हणून चेहरा कवटीचा आणि डोक्यावर पिसांची टोपी. पुढे मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराने १९४७ च्या भित्तिचित्रात तिला अख्खं शरीर आणि पोशाख दिला आणि तिच्या शेजारी पोसादालाच उभं केलं. पोसादा १९१३ साली वारला, त्यामुळे त्याच्या चित्रांवर आता कुणाचा हक्क नाही. त्याच्या रेषा जाड आणि ठसठशीत आहेत, श्रिंक शीटवर उतरवायला उत्तम. फक्त तिला 'हॅलोविन स्पेशल' म्हणून विकू नका, एवढीच विनंती.

घरचे म्हणतात, कवटी अशुभ. काय सांगू?

मी मावशीला सांगितलं, महादेवाच्या गळ्यात रुंडमाळ चालते, मग माझ्या कानात दोन का नाहीत? ती म्हणाली, "तो देव आहे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसरा प्रयत्न भाषेचा केला. आपण ज्याला हात लावतो, ज्यावर कुंकू रेखतो ते कपाळ म्हणजे संस्कृतातलं कपाल, कवटीच. त्याचाही उपयोग झाला नाही. शेवटी तिच्या नातीने विजेच्या खांबावरचं 'धोका'वालं लाल चित्र काढून तिलाच की-चेन करून दिलं. आता ते तिजोरीच्या किल्लीला आहे. तिच्या मते तिथे ते बरोबर शोभतं.

वरून काय लावू? नेलपॉलिश?

नेलपॉलिश अजिबात नको. त्यातलं द्रावण पॉलिस्टायरीनच विरघळवतं, कवटी बुळबुळीत होते. ॲसिटोनने तर जागच्या जागी चिखल. पाण्यात मिसळणारं वार्निश दोन पातळ हातांनी लावा. चकाकी हवी तर यूव्ही रेझिन (अतिनील दिव्याखाली कडक होणारा पारदर्शक द्रव), पण हातमोजे घालून, काहींना त्याने त्वचेची ॲलर्जी होते. रेडियमसारखी अंधारात चमकणारी पूड रेझिनमध्ये मिसळून खोबणीत भरली की रात्री मजा येते. घालताना आधी अत्तर, मग कानातलं.

कान चिघळतात.

दोष बहुतेक हुकाचा असतो. स्वस्त हुकांत निकेल असतं. टायटॅनियमचे किंवा चांदीचे वापरा.

विकायच्या असतील तर?

ए४ शीटमध्ये ५ सेंटिमीटरचे २० तुकडे बसतात, म्हणजे १० जोड्या. त्यातल्या आठ विकण्याजोग्या धरा. किंमत लावताना शीट आणि हूक नव्हे, कापायचा आणि घासायचा वेळ मोजा, खरा खर्च तोच. ब्रँडच्या किंवा सिनेमातल्या कवट्या उतरवू नका.

फरशीवर पडून दोन तुकडे झाले.

सुपरग्लूचा एक थेंब, दोन्ही कडा दाबून मिनिटभर. जोड दिसतोच. मी त्यावर सोनेरी मार्करने नागमोडी रेष ओढते. खऱ्या कवटीवर हाडांचे सांधे असतातच, हा आणखी एक. आणि दुसऱ्या कानातल्यावरही तशीच रेष ओढायची, न तुटता.